नर्मदेच्या फुगवट्यातल्या प्रवासी होडीला आतलं डिझेल मशीन बसवावं की मागे टांगायचं आउटबोर्ड?

उदईकाठ

नमस्कार मंडळी. आमचा पाडा अक्राणी तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून आहे. धडगावच्या बाजाराला जायचं तर एक तर डोंगर चढून उतरायचा, नाही तर पाण्याने आठ-दहा किलोमीटर जाऊन जिथे रस्ता काठाला भिडतो तिथे उतरायचं. तीन पाड्यांनी वर्गणी काढून 24 फुटी फायबरची होडी बांधायला दिली आहे. बारा माणसं, बाजाराची पोती, शाळेची पोरं आणि वेळ आली तर आजारी माणूस, असं सगळं तिच्यातून जाणार.

होडीवाल्याने आता काम थांबवलंय. डिझेल मशीन आत बसवायचं असेल तर बुडात लाकडी पाया आणि पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, नळी आत्ताच बसवावी लागेल, आउटबोर्ड असेल तर मागची फळी जाड करावी लागेल, असं तो म्हणतो. तरुण पोरांना 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड हवंय, ‘जोरात जाईल’ म्हणून. जुनी माणसं म्हणतात डिझेल घ्या, विहिरीवरचं इंजिन आम्हाला कळतं. गावाचे पैसे आहेत, एकदाच खर्च होणार. ज्यांनी ही मशीनं प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

डिझेल_मिस्तरी_धुळे

राम राम भाऊ. तुमनी गोट ध्यान दिसन वाची.

मी पंपाची इंजिनं दुरुस्त करतो, पांझरेपासून तापीपर्यंत सगळीकडे फिरलो आहे. माझा पहिला प्रश्न एकच: मशीन बंद पडलं तर ते कोण उघडणार? पाच एचपीचं किर्लोस्कर एव्ही-वन धडगाव, शहादा, तळोदा, कुठेही उघडणारा माणूस सापडेल. नोझल, पिस्टन रिंग, फिल्टर, हेड गॅस्केट कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं. आउटबोर्डचा कार्ब्युरेटर किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बिघडला तर सुरत नाही तर मुंबई. तोवर होडी काठाला पडून, आणि तीन पाड्यांचा बाजार बंद.

दुसरं, डिझेलला प्लग नाही, कॉइल नाही. साधं हँडलवालं इंजिन असेल तर बॅटरीही नाही. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचला, हँडल फिरवा, लिव्हर सोडा, चालू. भर पावसात दगा देणारं इलेक्ट्रिक काम त्यात नसतंच. त्याला सांभाळावं लागतं ते डिझेलमधल्या पाण्यापासून आणि हवेपासून. त्यामुळे टाकीनंतर पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर लावा आणि एअर काढायचा नट कुठे आहे ते होडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

खाडीपार

मी मूळचा अमळनेरचा, आता बरीच वर्षं किनाऱ्यावर बोटींच्या कामात आहे. मिस्तरींचं दुरुस्तीबद्दलचं म्हणणं खरं आहे, तरी आउटबोर्डची बाजूही नीट मांडायला हवी, नाही तर निर्णय एकतर्फी होईल.

15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण 36 किलो, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नासच्या आसपास. दोन माणसं ते उचलून खांद्यावरून घरी नेऊ शकतात. पूर आला, चोरीची भीती असली, होडी उलटी करून दुरुस्त करायची असली, तर मशीन काढून ठेवलं की झालं. होडीच्या बुडाला भोक नाही, शाफ्टची नळी नाही, ग्लँडमधून, म्हणजे नळीच्या आतल्या टोकाला पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी गळणं नाही. मधली सगळी जागा माणसांना मोकळी. सुकाणू वेगळं लागत नाही, कारण पंखाच वळतो, त्यामुळे अरुंद जागी होडी पटकन फिरते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते वर उचलता येतं. खाली काही लागलं तर लॉक मोकळा असल्यावर ते स्वतःच उसळून वर येतं. आतल्या डिझेलचा पंखा बुडाखाली पक्का असतो. तो खुंटाला लागला तर पाती वाकतील, नशीब वाईट असेल तर शाफ्ट वाकेल, आणि वाकलेला शाफ्ट पाण्यात सरळ करता येत नाही. तुमच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांची खोडं अजून उभी असतील. हा मुद्दा हलका धरू नका.

उदईकाठ

खुंट आहेतच. साग, महू, अंजन, सगळं पाण्याखाली उभं आहे. आणखी एक अडचण म्हणजे पाण्याची पातळी एका जागी राहत नाही. धरण पूर्ण भरलं की 138.68 मीटर, उन्हाळ्यापर्यंत कितीतरी मीटर खाली जातं. दर महिन्याला उतरायची जागा बदलते. मागे पाण्याखाली असलेलं शेत आज चिखल होऊन वर येतं आणि त्यातून होडी ओढावी लागते. अशा पाण्यात आतलं मशीन चालेल का?

शिरपूर_यंत्रशाळा

आधी थोडं गणित मांडतो, कारण ‘25 एचपी जोरात जाईल’ हे गृहीत धरूनच सगळी चर्चा चालली आहे.

पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीनुसार एक वेगाची हद्द असते. पाण्यात बुडालेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. तुमची 24 फुटी होडी पाण्यात साधारण 22 फूट असेल. वर्गमूळ 4.69, गुणल्यावर 6.3 नॉट, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. या वेगाला पोहोचली की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. त्यापुढे ताकद कितीही घाला, मागचा भाग खाली बसतो, पुढचा उचलला जातो आणि इंधन जळतं.

ही हद्द ओलांडायची तर होडीला पाण्यावर चढून घसरत जावं लागतं. त्याला एक तर सपाट बूड लागतं, आणि दुसरं, ढोबळमानाने दर वीसेक किलोमागे एक हॉर्सपॉवर लागते. आता तुमचं वजन मांडू. कवच सहाशे किलो धरा, बारा माणसं सातशे, पोती दीडशे, मशीन-टाकी-सामान दोनशे. साडेसोळाशे किलो. भरलेली होडी पाण्यावर चढवायला ऐंशीच्या आसपास एचपी हवी. 25 एचपीने ती चढणार नाही. रिकामी असताना, दोन पोरं बसवून, कदाचित चढेल, आणि पोरांनी बहुधा तेच पाहिलंय.

उलट ताशी दहा किलोमीटर, म्हणजे हद्दीच्या जरा खाली, चालायला या वजनाला 10 एचपी पुरते, जर पंखा मोठा आणि संथ फिरणारा असेल तर. पंधराशे फेऱ्यांचं डिझेल, पुढे दोनास एकचा गिअरबॉक्स, म्हणजे पंखा साडेसातशे फेऱ्यांवर. जड होडीला रेटायला हेच हवं. आउटबोर्डचा छोटा पंखा त्याच्या दुपटी-चौपटीने फिरतो, हलक्या वेगवान बोटीसाठी बनवलेला असतो, जड होडीला तो पाणी नुसतं घुसळत राहतो.

आता इंधन. डिझेलला पूर्ण भारावर दर एचपीमागे तासाला पाव लिटरच्या आत लागतं, म्हणजे 10 एचपीला सव्वादोन ते अडीच लिटर. 25 एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला दहा-बारा लिटर पेट्रोल पितं, फोर-स्ट्रोक आठ-नऊ. वेगात फरक ताशी एखाद-दीड किलोमीटर. दहा किलोमीटरच्या वाटेवर ती पाच-आठ मिनिटं झाली. तेवढ्यासाठी चौपट इंधन, ते पण वर्षानुवर्षं, माणशी भाड्यातून काढायचं. हे मला परवडणारं वाटत नाही.

हतनूर_जाळं

माझं पाणी वेगळं आहे म्हणून माझं उत्तरही वेगळं येईल. मी हतनूर धरणाच्या मागच्या बाजूला मासेमारी करतो, चांगदेवच्या संगमाकडे, जिथे पूर्णा तापीला मिळते. दोन्ही नद्या काळी माती वाहून आणतात, त्यामुळे धरण गाळाने भरत चाललंय. पावसाळ्यात 41 दरवाजांपैकी किती उघडले त्यावर पाणी खालीवर होतं, आणि मागच्या भागात जलपर्णी माजते.

अशा ठिकाणी खाली पक्का पंखा चालतच नाही. आउटबोर्डचीही पंचाईत होते. त्याचं थंड करायचं पाणी खालच्या पायातल्या जाळीतून वर ओढलं जातं, गाळ आणि पर्णीची मुळं तिथे बसतात, पाणी ओढणाऱ्या रबरी चाकाची, म्हणजे इम्पेलरची, पाती झिजतात आणि मशीन तापतं. मागून पाण्याची बारीक धार येते ना, तिच्यावर नजर ठेवून बसावं लागतं. धार बारीक झाली की लगेच बंद करून जाळी साफ करायची. नवीन इम्पेलर, प्लग आणि ओढायची दोरी कायम डब्यात हवी.

आमच्याकडे आता काही जण लांब दांडीचं मशीन वापरतात, थायलंडमध्ये असतं तसं. हवेने थंड होणारं छोटं इंजिन मागच्या फळीवर खुंटीवर टेकवलेलं आणि सात-आठ फुटांचा शाफ्ट मागे पाण्यात. दांडा दाबला की पंखा गाळाच्या वर येतो. जाळीतून पाणी ओढायचं नाही, त्यामुळे गाळाचा त्रासच नाही. पण आमची होडी सोळा फुटी, दोन माणसं आणि जाळं. उदईकाठ भाऊ, बारा प्रवासी आणि पोरंबाळं असलेल्या होडीला हे अजिबात नको. काठाला लागताना उघडा फिरता पंखा मागे कमरेच्या उंचीला झुलत असतो.

सातपुडा_परिचारिका

मी नर्मदाकाठच्या गावांत आरोग्याचं काम केलेलं आहे. तुमच्या चर्चेत बाजार आणि पोती खूप आली. बाळंतपण आलंच नाही, म्हणून लिहिते.

या भागात तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स आहे, पण प्रत्येक पाड्याच्या काठाला ती हव्या त्या घटकेला असेल असं होत नाही. 2020 च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत अलीगाट आणि दादरच्या वस्त्यांपर्यंत जात होत्या, गरोदर बाया आणि लहान मुलांचं वजन घ्यायला, आहार द्यायला. सगळ्या देशाने तेव्हा त्यांचं कौतुक केलं. मला तेव्हापासून वाटत आलंय की एवढ्या कष्टाची वेळ कुणावर येऊच नये. त्या पाण्यावर रात्री-अपरात्री निघू शकेल असं मशीन गावाच्या हातात हवं.

रक्तस्राव सुरू झालेल्या बाईसाठी पाऊण तास आणि वीस मिनिटं यांत फार मोठा फरक असतो. शिरपूरकरांचं गणित बारा माणसांच्या भरलेल्या होडीचं आहे. रुग्ण, सोबत दोघं आणि चालवणारा, एवढेच असतील तर वजन निम्म्याने कमी होईल. तेव्हा आउटबोर्ड वेगाने जाईल ना? हे कोणीतरी स्पष्ट सांगा.

शिरपूर_यंत्रशाळा

ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. 24 फुटी कवचच सहाशे किलोचं असल्याने चार माणसं असली तरी एकूण वजन हजाराच्या खाली जाणार नाही. त्याला 25 एचपी कमी पडते, मघाच्याच हिशोबाने पन्नासच्या आसपास लागेल. पण 14-15 फुटी हलकी, सपाट बुडाची होडी, दीडशे किलोची, तीत चार माणसं आणि 25 एचपी आउटबोर्ड, ही सहज पाण्यावर चढेल आणि ताशी तीसच्या पुढे जाईल. दहा किलोमीटर वीस मिनिटांत.

म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत आणि एका होडीत ती नीट बसत नाहीत. बाजाराची होडी जड, संथ, स्वस्त चालणारी. तातडीची होडी हलकी. मोठ्या होडीला आउटबोर्ड लावून दोन्ही साधेल असं समजलात तर रोज चौपट पेट्रोल जळेल आणि वेळ येईल तेव्हा वेगही मिळणार नाही.

सारंगखेडा_बंधारा

मला एका गोष्टीवर कळकळीने लिहायचंय. आपल्याकडे होडीत पंपाचं इंजिन बसवतात तेव्हा बरेचदा गिअरबॉक्स घालतच नाहीत, पैसे वाचवायला. इंजिनाचं चाक थेट शाफ्टला जोडलेलं. त्याचा अर्थ हँडल मारून इंजिन चालू झालं त्या क्षणी होडी पुढे निघते. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. काठाला लागताना इंजिन बंद करूनच यावं लागतं, आणि वारा असेल तर होडी खडकावर जाऊन आदळते. पाण्यात कुणी पडलं तर मागे फिरवायला वेळ लागतो, पंखा थांबवायचा तर पूर्ण मशीन बंद करावं लागतं. प्रवासी होडीत हे चालवूनच घेऊ नये. फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्सचा मरीन गिअरबॉक्स घ्याच, त्यासाठी इंजिन जुनं घ्यावं लागलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे उघडं फिरणारं चाक आणि शाफ्ट. इंजिन होडीच्या मधोमध, बाया त्याच्या बाजूला बसलेल्या. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस शाफ्टमध्ये ओढले जाऊन झालेले अपघात नदीकाठच्या लोकांना ठाऊक आहेत, आणि ते अतिशय भयंकर असतात. फ्लायव्हीलपासून शाफ्टच्या नळीपर्यंत सलग लाकडी किंवा पत्र्याची पेटी हवी, झाकण पाना लावूनच उघडेल असं. सायलेन्सरच्या पाइपालाही काचधाग्याची पट्टी गुंडाळा, लहान मुलांचे हात भाजतात.

डिझेल की आउटबोर्ड हा वाद त्यानंतरचा. या दोन गोष्टी नसतील तर त्या होडीत मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

खाडीपार

बंधारा भाऊंना पूर्ण पाठिंबा. आणि ही गोष्ट आउटबोर्डच्याही बाजूची आहे, कारण त्यात न्यूट्रल-रिव्हर्स कारखान्यातूनच येतं आणि फिरणारं सगळं झाकलेलं असतं. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरी मिळते, तो पाण्यात पडला तर मशीन बंद होतं. ती दोरी मात्र खरोखर बांधावी लागते. बहुतेक ठिकाणी मी ती मशीनलाच गुंडाळलेली पाहिली आहे.

पेट्रोलबद्दलही बोललं पाहिजे. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आउटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपुढे गेलं की ते दोघे पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. नळी तळातूनच ओढते. जे मशीन रोज चालतं त्याला फारसा त्रास होत नाही. जे तातडीसाठी म्हणून महिनोन्‌महिने उभं असतं त्याचा कार्ब्युरेटर गोंदासारख्या थराने भरतो आणि नेमकं हवं तेव्हा चालू होत नाही. परिचारिका ताईंच्या होडीसाठी हे फार महत्त्वाचं. इलाज असा की दर आठवड्याला पंधरा मिनिटं पाण्यात चालवायचं, बंद करताना नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्यायचं, आणि डब्यातलं पेट्रोल महिन्याभरात मोटारसायकलींना देऊन ताजं भरायचं.

साठवणीचंही बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि दिसत नाही. एक ठिणगी पुरते. डिझेलची वाफ साध्या तापमानाला तशी पेट घेत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो, प्लास्टिकचा पेट्रोलचा डबा फुगून टम्म होतो. डबा कायम उघड्यावर, सावलीत, विडी ओढणाऱ्यापासून लांब.

डिझेल_मिस्तरी_धुळे

खुंट आणि चिखलाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. आतलं मशीन घेतलं तर होडीवाल्याला सांगा, बुडाच्या मध्यरेषेवर खोल कील (खाली उतरलेला कणा) काढ, आणि कीलच्या मागच्या टोकापासून सुकाणूच्या खालच्या टोकापर्यंत जाड लोखंडी पट्टी दे. पंखा त्या पट्टीच्या वरच राहिला पाहिजे. मग खुंट आधी कीलला लागेल, पट्टीवरून घसरेल, पंख्यापर्यंत पोहोचणार नाही. चिखलात टेकली तरी भार पट्टीवर येईल. बाजूने आलेल्या फांदीपासून ही पट्टी वाचवत नाही हे खरं, म्हणून एक जादा पंखा, पंख्याची चावी आणि नट होडीतच ठेवायचे.

थंड करण्यासाठी नदीचं पाणी थेट इंजिनात घेऊ नका. पावसाळ्यात नर्मदा लाल होते, तो गाळ हेडच्या जॅकेटमध्ये बसला की इंजिन तापून हेड तडकतं. कील-कूलिंग करा. म्हणजे बुडाखाली कीलला लागून दोन पाइप, त्यांतून इंजिनाचंच स्वच्छ पाणी फिरत राहतं, बाहेरचं पाणी नुसतं पाइपाला गार ठेवतं. गाळ आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

शाफ्टच्या नळीला ग्लँड दोरी असते. ती इतकी घट्ट करू नका की शाफ्ट तापेल. चालू असताना थेंब-थेंब पाणी यायला हवं, त्यानेच दोरी ओली राहते. बंद झाल्यावर थांबलं पाहिजे. ग्लँडवर हात ठेवून बघा, कोमट चालेल, चटका बसायला नको. मागचं रबरी बेअरिंग गाळाने झिजतं, शाफ्ट हाताने वरखाली हलतोय का ते दर हंगामात तपासा.

तापी_सौर

विजेवर चालणाऱ्या मशीनचं कुणी नाव काढलं नाही. केरळात 2017 पासून वैकम-तवणक्कडवू मार्गावर 75 प्रवाशांची सौर फेरी चालते, तेव्हा हे अशक्य नाही. उदईकाठ भाऊंच्या होडीला मात्र आत्ता सुचवणार नाही. ताशी दहा किलोमीटरने एक तास जायला साताठ किलोवॅट-तास (युनिट) वीज लागेल, परतीचं धरून दुप्पट बॅटरी, आणि ती बिघडली तर धडगावात हात लावणारा कुणी नाही. हतनूरसारख्या लहान, संथ होडीला विचार करण्याजोगं आहे. ते पाणी भुसावळकडची माणसं पितात. जुनं टू-स्ट्रोक आपल्या इंधनाचा पंचवीस-तीस टक्के भाग न जाळताच पाण्यात सोडतं, ही गोष्ट मला फार खुपते. टू-स्ट्रोक जुनं मिळतंय म्हणून कुणी घेऊ नका.

हतनूर_जाळं

सौर भाऊ, मुद्दा मान्य. डिझेलवाल्यांनीही तळात सांडलेलं तेल उपसून नदीत टाकू नये. इंजिनाखाली पत्र्याचं ताट बसवून घ्या, तेल त्यातच राहतं, चिंधीने पुसून काठावर आणता येतं.

धडगाव_वकील

कागदपत्रांचं थोडक्यात. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. मशीनवर चालणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी लागते, महाराष्ट्रात ते काम मेरिटाइम बोर्डाकडे आहे. होडीवाल्याकडून बांधणीचा आराखडा आणि इंजिनाची खरेदीची पावती आत्ताच घेऊन ठेवा, नंतर मिळत नाहीत. जुनं इंजिन घेत असाल तर त्याचा नंबर पावतीवर असलाच पाहिजे. प्रवासी संख्या होडीवर रंगवून लिहा आणि जितकी माणसं तितकी जॅकेटं, त्यांत मुलांच्या मापाचीही. एका गावात वर्गणीच्या होडीला अपघात झाला तेव्हा नोंदणी नव्हती म्हणून नुकसानभरपाई अडली, हे मी जवळून पाहिलं आहे.

उदईकाठ

सगळ्यांचं मनापासून वाचलं. काल तिन्ही पाड्यांची बैठक होती, तिथे मोबाइलवरून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, पावरीत समजावून सांगितला. पोरांना गणित पटलं. ‘25 एचपीने भरलेली होडी उडणार नाही’ हे कळल्यावर वाद राहिलाच नाही. म्हाताऱ्यांना न्यूट्रलचा मुद्दा नवीन होता. ते म्हणत होते, आम्ही आजवर इंजिन बंद करूनच काठाला लागत आलो. शेवटी बायांनीच ठाम सांगितलं, शाफ्टवर पेटी नसेल तर आम्ही बसणार नाही.

ठरलं ते असं. बाजाराच्या होडीत दोन सिलिंडरचं 10 एचपी डिझेल, मरीन गिअरबॉक्ससह, कील-कूलिंग, खाली लोखंडी पट्टी. होडीवाल्याला आज पाया घालायला सांगितलं. वजन मध्ये आणि खाली येणार असल्याने होडी स्थिरही राहील असं तोही म्हणाला. दुपारचा वारा सुटला की आमच्याकडे लाटा उभ्या राहतात, तेव्हा मागे टांगलेल्या मशीनचा पंखा हवेत उघडा पडतो, हे त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या होडीत पाहिलंय.

तातडीच्या हलक्या होडीसाठी पैसे आत्ता नाहीत. त्याची वेगळी वर्गणी दिवाळीनंतर, आणि ग्रामपंचायतीकडेही मागणी लिहून देतोय. ताई, त्या अर्जात आरोग्याची गरज कशी मांडायची ते तुम्ही सांगाल का?

सातपुडा_परिचारिका

नक्की. अर्जात मागच्या वर्षातली पाड्यांमधली बाळंतपणं, घरी किती झाली आणि दवाखान्यात किती, हे आशा ताईंच्या नोंदवहीतून काढून जोडा. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, वेळेत लिहा: पायी किती तास, पाण्याने किती. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उतरायची जागा कुठे सरकते त्याचा हाताने काढलेला नकाशाही जोडा. आणि आत्ताच्या डिझेल होडीतही एक लांब फळी ठेवा, स्ट्रेचर आडवं राहील एवढी, बाकांच्या उंचीला. रात्रीसाठी जोरदार दिवा, आणि तो इंजिनावर अवलंबून नसावा.

खाडीपार

तातडीच्या होडीला आउटबोर्ड घ्याल तेव्हा दांड्याची लांबी मोजून घ्या. मागची फळी 15 इंच उंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत यायला हवी. जास्त वर राहिली तर पंखा हवा ओढतो, खाली गेली तर खुंटांना जास्त लागतो. ॲनोड (स्वतः झिजून मशीनला गंजापासून वाचवणारा धातूचा तुकडा) गोड्या पाण्यात झिंकऐवजी मॅग्नेशियमचा मागा. फोर-स्ट्रोकच घ्या, दोरीने ओढून चालू होणारं, बॅटरीवाल्याच्या नादी लागू नका.

डिझेल_मिस्तरी_धुळे

भाऊ, एक काम होडीवाल्याकडून नीट करून घ्या. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या कपलिंगची जुळणी कारखान्यात, होडी लाकडी ठोकळ्यांवर असताना करतात. तेवढ्यावर थांबू देऊ नका. होडी पाण्यात उतरली की तिचं अंग थोडं बदलतं. पाण्यात एक दिवस राहू द्या, मग कपलिंगचे बोल्ट सोडून दोन्ही तोंडांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने मोजा. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे घालून जुळवायचं. हे राहिलं तर इंजिन थरथरतं, ग्लँड गळते, आणि वर्षभरात गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. लोक मग इंजिनाला दोष देतात.

पहिल्या 50 तासांनी इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, पायाचे बोल्ट पुन्हा आवळा. होडी पाण्यात उतरायचा दिवस ठरला की इथेच कळवा. गेज मनापाशी शे, मी लिसन येस.